राजाचा ळ

मूळ आवाजात तो राक्षस
कुठल्याशा थंड डोंगरातल्या मेंढपाळासारखा बोलतो.
त्या देशातले लोक म्हणे तेवढ्यावरच हसतात.
दिग्दर्शिकेनं विचारलं, आपल्याकडे असं काय आहे?
आणि काचेपलीकडचे चौघे
एकदम माझ्याकडे वळले.

तर सात चंद्रांच्या त्या राज्यात,
जिथे कापूस पिकत नाही, एसटी जात नाही,
वेशीवरचा पहारेकरी दर्यापूरकडचा निघाला.
राजाला ळ मिळाला. राणीला, पुरोहिताला,
बोलणाऱ्या पांढऱ्या घोड्यालासुद्धा ळ.
मला य.
डोया, काया, जवय, सकाय.
"छान. अजून थोडं जाड कर," कानात आवाज यायचा,
"अजून थोडं गावचं."
मी जाड करत गेलो, इतकं
की तसं आमच्या गावात कोणीच बोलत नाही.

माझं आडनाव इंगळे.
मानधनाच्या चेकवर ळ स्वच्छ उमटतो.
घरी आम्ही इंगये.
बारा वर्षं लागली जीभ मागे वळवायला,
भाड्याच्या खोलीत, आरशासमोर,
बाळ, टाळ, फळा, कळवळा.
वळली,
आणि काम मिळालं ते न वळवण्याचं.

आठव्या भागात राक्षस मरतो.
कागदावर होतं: माझ्या डोळ्यांत बघ, राजा.
त्या दिवशी माझा घसा बसलेला.
कोमट पाणी, मीठ, गुळण्या.
आमच्या खारपाण पट्ट्यात मीठ वेगळं टाकावं लागत नाही,
विहीरच टाकून देते.
मी जाड करायचं विसरलो.
मोठेबाबा चिखलात बसलेल्या बैलाच्या
कानाशी तोंड नेऊन म्हणायचे, तसं म्हणालो,
"माह्या डोयात पाय, राजा."
काचेपलीकडे कोणी हसलं नाही.
"चालेल," ती म्हणाली. "पुढचं पान."

दिवाळीत गावी गेलो.
शकूकाकूच्या खोलीत अर्ध्यापर्यंत कापूस,
त्यावर चढून बसलेली नऊ-दहा पोरं,
समोर टीव्ही.
कापसानं सगळे आवाज गिळलेले,
स्टुडिओतसुद्धा इतकी शांतता नसते.
राक्षस बोलला. पोरं ऐकत राहिली,
दारात कोणी आलंय आणि बोलतंय, इतकंच.
मग राजा बोलला
आणि कापसाचा ढीग हसून हसून खचला.
"काकू, हा राजा असा कावून बोलते?
बाहेरदेशचा हाये काय?"
काकूनं सुपातला खडा वेचून फेकला.
"असन. पैसेवाला दिसते."

राक्षस मेला तेव्हा मात्र
सगळ्यात लहानग्यानं कापसात तोंड खुपसलं
आणि बराच वेळ वर काढलं नाही.

निघालो तर काकूचा प्रणय मागे मागे,
रांजणापर्यंत.
"काका, थ्या राक्षसासारखं बोलून दाखव ना."
"पानी दे बाप्पू एक गिल्लास," मी म्हणालो,
"लय तहान लागली."
त्यानं दिलं. गार, खारट.
मी प्यालो, गिलास उपडा करून परत दिला.
तो तसाच उभा,
माझ्या तोंडाकडे पाहत,
मी सुरू कधी करतो म्हणून.