एक पोतं नि वर दहा पाव

ऱ्होना आली तेव्हा
हातांना अजून यीस्टचा वास होता.
डनेडिनात तिची बेकरी पहाटे तीनला पेटते,
बस तेव्हा झोपलेली.

मी वॉट सांगितले, किलोमीटर सांगितले,
मॉपेडसारखी लांब सीट, जाड टायर, चढाची ओढ.
तिनं ऐकून घेतलं. मग वाकली
आणि अख्खी बाईक वीतभर उचलली.
"एक पोतं नि वर दहा पाव."
काट्यावर पाहिलं : बत्तीस किलो.

घडीची हलकी दाखवली.
"ही बंदरावरच्या वाऱ्यात उडायची, तावीता.
बॅटरी निघते ना हिची?
ओट्यावर लावीन, कणकेशेजारी.
दोघी सकाळपर्यंत फुगतील."

मग ती बसून बघायला लागली,
पार पुढे सरकून,
मागे माणसाएवढी जागा सोडून.

"मागे कोण बसणार?"
माझा नेहमीचा प्रश्न, वजनासाठी.

"कोणी नाही," ती म्हणाली. "सवय."

मी बिलाचा कागद शोधत राहिलो,
तो समोरच होता.

गुरुवारी दुपारी ती दुकानावरून गेली.
मागच्या सीटवर पावांचा क्रेट,
जुन्या कमरपट्ट्यानं बांधलेला.
वळणावर हात मागे नेऊन
तिनं तो चाचपला.