आयर्विनला किती?

दर शनिवारी मी तुमचं घर उघडते.
कुलूप आधी थोडं उचलायचं, मग किल्ली फिरवायची,
जाताना तूच दाखवलेलंस, दया.
नळ सोडते. आधी खोकतो,
मग तांबूस पाणी, मग पाणी.
पंखा पाच मिनिटं. स्कूटरला किक.
हॉलच्या भिंतीवर एकोणीसच्या पुराची रेघ,
तुझ्या खांद्याच्या जरा वर.
दोनदा रंग दिला, तरी आहेच.

पहिल्या वर्षी तुझे फोन असे:
गॅसचं पुस्तक कुठाय, कढीपत्ता जगला काय,
लाईटबिल भरलंस काय,
आणि जुलै लागला की दिवसातनं तीनदा,
आयर्विनला किती?
बत्तीस, मी सांगायचे. आता चौतीस.
कोयनेतनं सोडलंय म्हणतात.
लीड्सला पहाटेचे तीन. मागनं सुवार्ता,
अहो, उद्या माझी नाईट आहे, झोपू द्या.
तिसऱ्या मजल्यावर बसून तुला
कर्नाळ रोडची पायरी भिजायची भीती.

वॉर्डातल्या म्हाताऱ्या तिला 'लव्ह' म्हणतात.
आधी दचकायची. आता ओ देते.
ज्वारीचं पीठ मिळालं तिथं, पण भाकरी मोडली,
तेव्हा ती ओट्याशी उभी राहून रडली,
तू सांगितलंस मला हळू आवाजात.
आदल्या रात्री तिच्या हातात माणूस गेला होता,
तेव्हा नव्हती रडली.

तू रात्रभर पार्सलांवर चिठ्ठ्या वाचतोस.
इथं लॅबमध्ये बाटल्यांवरच्या वाचायचास.
हिरवा डबा एका गुरुवारी बाहेर, काळा दुसऱ्या,
हे पाठ व्हायला तुला सहा महिने लागले,
आणि मला पण, कारण तू मलाच विचारायचास,
अक्का, मागच्या खेपेला कुठला सांगितलावता?

ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी
साडेआठला मी फोन घेऊन बसले.
साडेनऊला आला.
अगं, इथं घड्याळ एक तास मागं घेतात.
कुणाला विचारून?
तू हसलास. मी नाही.
माझा तास खरंच गेला होता,
दाराकडं बघण्यात.

यंदा ऑगस्टात पाणी अडतीसला आलं.
स्कूटर शाळेच्या चढावर नेऊन लावली.
मिक्सर, लग्नाचा अल्बम, सुवार्ताचं नर्सिंगचं सर्टिफिकेट,
सगळं कपाटावर.
आकडा तोंडात धरून बसले, तुझा फोन आला.
वाऱ्यानं डबा आडवा झाला, म्हणालास,
समोरच्या कॉलिन्सनं आणून दिला,
पहिल्यांदाच माझं नाव नीट घेतलं बघ.
जुनं टेबल घेतलंय, चार खुर्च्या.
माणसं दोन, खुर्च्या चार कशाला?
येईल की कोणतरी.
मग सुवार्ता आली, भाकरी दाखवली कॅमेऱ्यात,
फुगलेली, कडेला जरा करपलेली.
मग बाय.

फोन ठेवल्यावर रिकाम्या स्वयंपाकघरात
मी मोठ्यानं म्हणाले, एकोणचाळीस.

एवढं कशाला वाईट वाटावं?
मीच म्हणायचे, रमा लेको तिकडं,
इथलं मी बघते.

चाळीसला टेकून पाणी उतरलं.
पायरीला गाळ, घरात नाही.
पुढच्या फोनला तू सांगितलंस,
इथं पण नदी आहे अक्का, एअर नावाची,
सुवार्ता ड्यूटीहून येताना पुलावर थांबते.
मी म्हटलं, मग? तिथं किती फूट?
बराच वेळ काही नाही.
मग म्हणालास, बघून सांगतो.

अल्बम खाली घेतला, सर्टिफिकेट पुसून ठेवलं.
मिक्सर मात्र माझ्या घरी आणला.
माझा जळालेला मे महिन्यातच.
विचारीन म्हणत होते तुम्हाला,
ते राहूनच गेलं.