चोच मिटून

तांबट मला ऐकू येतो तो डाव्या कानानं.
उजवा रबाळ्याच्या प्रेस शॉपमध्ये राहिला,
अडीचशे टनांच्या मशीनपाशी, एकोणीस वर्षं.
कंपनी बंद झाली तेव्हा हिशेबात
ग्रॅच्युइटी धरली होती, कान नव्हता.
त्या पैशातून हा जुना कॅमेरा.
बायको म्हणाली, फिरा आता पाखरांमागे.
फिरतो.

घणसोलीत, नाल्याच्या अलीकडे
एक उंबर आहे, अर्धा वाळलेला.
टुक. टुक. टुक.
हा पक्षी बसल्या जागी मान वळवतो
आणि आवाज दुसऱ्याच झाडावर जातो.
दोन्ही कान धड असणारेही फसतात,
तेवढाच मला दिलासा.
मी लेन्स वर धरली
आणि आवाज आला पाठीमागून,
जाड होऊन.

पत्र्याच्या कुंपणाला टेकून घिसाड्यांचं बिऱ्हाड.
जमिनीत रुतवलेली ऐरण,
सायकलच्या चाकावर फिरणारा भाता,
हिरामणच्या सांडशीत लालभडक छिन्नी
आणि घण शेवंताच्या हातात.
तो हातोडीनं टिचकी मारून दाखवायचा, इथं.
ती तिथंच.
टुक, ठण्ण. टुक, ठण्ण.
मध्येच उंबरावरूनही एक टुक,
तो कुणाला काय दाखवत होता कोण जाणे.

(घणसोलीच्या नावात घण कुठून आला
हे गावात एका म्हाताऱ्या आगऱ्याला विचारलं होतं.
तो म्हणाला, आधी सांग, तू कुठून आलास?)

"काढा की फोटू," शेवंता म्हणाली,
"पन आमी थांबायचो न्हाई. लोखंड थांबत न्हाई."

सेकंदाचा हजारावा भाग.
स्क्रीन तिच्यापुढे धरली:
घण डोक्याच्या वर, आभाळात टांगल्यासारखा,
बांगडी कोपरापर्यंत घसरलेली,
मला तर फार आवडला होता.
तिनं राख लागलेल्या बोटानं घण दाबून पाहिला.
"ह्यो पडलाच न्हाई का?"
पडायचाय, मी म्हटलं.
"मंग पैशे कशाचे?"

विषय बदलायला पुढचा फोटो दाखवला.
अंगानं हिरवा, कपाळी लाल टिळा,
डोळ्याभोवती पिवळं.
ह्याला तांबट म्हणतात.
"तांब्याचं काय करतो?" हिरामणनं विचारलं.
काही नाही. आवाज करतो.
"आन घिसाडी पाखरू?"

पुस्तकात सुतार आहे, शिंपी आहे,
परीट आहे शेपूट हलवणारा,
कोतवालसुद्धा आहे, काळा, सगळ्यांवर डाफरणारा.
गावात ज्यांची घरं होती ते सगळे झाडावर आहेत.
मी जरा खोकलो.
"नसंल," शेवंता म्हणाली. "आमच्यात उलटं.
ह्यांचं नावच बघा. हिरामण. पोपटाचं."
आणि हसता हसता घण उचलला,
कारण छिन्नी काळी पडत होती.

रात्री फोटो मोठे करून पाहिले.
तांबटाची चोच प्रत्येक फोटोत मिटलेली.
गळा तेवढा फुगलेला, सुपारी अडकल्यासारखा.
एवढा आवाज आणि तोंड बंद.
मग शेवंताचे एकेचाळीस पाहिले.
ओठ आवळलेले, मानेची शीर वर आलेली.
तिच्या घशातून प्रत्येक घावाला जे निघत असेल
ते माझ्या डाव्या कानालाही लागलं नव्हतं.

चार दिवसांनी प्रिंटा घेऊन गेलो.
तिनं सगळ्यात वाईट निवडला:
घण पडलेला, हललेला, ठिणग्यांची नुसती फरफट,
चेहरा वळलेला, डोळे मिटलेले.
"ह्यो माझा."
हिरामणनं पाखरू घेतलं, भात्याच्या खोक्यावर खिळलं,
पोपट म्हणून.
हवेतला मला परत दिला दोघांनी.

तो आमच्या पॅसेजमध्ये लावलाय.
घण अजून वरच आहे.
बायको दिवसातून वीसदा तिथून जाते, हातात बादली, कपडे,
आणि दर वेळी
मान जराशी खाली घालते.