नूतनीकरण

परवाना संपतो एकतीस मार्चला.
नेमका तेव्हाच आंबा पाडाला येतो,
खोक्यांना पेंढा पुरत नाही,
आणि मी देवगडच्या कचेरीत बाकड्याच्या टोकावर:
दोन फोटो, डॉक्टरचा दाखला, चलनाची पावती
एकाच रबरात अडकवून.

फोटोत मी मास्कशिवाय आहे.
कलमांखाली मला असं कुणी बघितलेलं नाही.

पहिल्या वेळी तोंडी परीक्षा होती.
उगले साहेब घाटावरचे, नवेच बदलून आलेले.
वारा किती असला की फवारणी थांबवायची?
पुस्तकात आकडा आहे. तोच सांगितला.
त्यांनी खूण केली.
मतलई त्यांनी विचारली नाही.
ती पहाटे जमिनीकडून निघते,
कलमांच्या शेंड्यांवरून निमूट दर्यात उतरते,
मग एक वेळ येते, अर्ध्या तासाची, कधी तेवढीही नाही,
की मतलई पडलेली असते
आणि खारा अजून उठलेला नसतो.
पंपावरचा भिवा तेव्हा विडी पेटवतो.
त्याला औषधापासून वीस पावलं लांब उभा करून
मी त्याचा धूर बघते.
सरळ वर गेला, की नळी उचलायची.

पंप आधी नवऱ्याचा.
हातमोजे अजून त्याच्याच मापाचे,
बोटांची टोकं रिकामी लोंबतात.
बावीस वर्षं त्याने औषध काठीने ढवळलं,
काठी सापडली नाही तर हाताने.
आता चहाची बशी त्याला दोन्ही हातांनी धरावी लागते.
डॉक्टर म्हणतात, कशाने ते सांगता येत नाही.
मीही सांगत नाही.

बाटलीवर एक चौकोन, त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग.
लाल, पिवळा, निळा, हिरवा.
मुलीला रंग शिकवले ते ह्यांवरून,
शिवायचं नाही ते आधी.

रिकामी बाटली तीनदा विसळा, भोसका, खोल पुरा,
असं पुस्तक म्हणतं.
कुठे पुरू? आमच्या कातळात
कलम लावायलाही सुरुंग लागतो.
मागच्या पडवीत भोसकलेल्या बाटल्यांच्या
नऊ गोणी झाल्या.
साहेबांना विचारलं. म्हणाले,
वरून पत्र यायचंय.

गेल्या साली बापू वाळके आले,
आंबा उतरायला आठ दिवस असताना.
"एकच हात मार गो, कोण बघता?"
बाटलीवरचे दिवस त्यांना वाचून दाखवले.
ते चष्मा विसरले होते.
म्हटलं, नाही.
दोन दिवसांनी त्यांनी कुणालातरी आणलं,
तोंडाला टॉवेल, पायात काही नाही,
भर दुपारी, भर खाऱ्यात.
वाळक्यांची दोनशे कलमं माझ्या हातून गेली ती गेलीच.

तिसऱ्या दिवशी रोझीबाय दारात,
सुपात मेलेल्या माश्या.
चार पेट्यांतल्या दोन रिकाम्या.
तिला वाटलं, मीच. पंप तर माझाच ऐकू येतो गावाला.
बोलले नाही. आतून वही आणली:
तारीख, वेळ, वारा, औषध, रंग, कुणाची कलमं.
त्या दिवसाचं पान कोरं होतं.
ती त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिली,
मग सूप कमरेवर घेऊन गेली.
काही माश्या उंबऱ्याशी सांडल्या होत्या.
मी त्या केरसुणीने नाही,
कागदाने गोळा केल्या.

नूतनीकरणाला ती वही लागते.
साहेब बोटाला थुंकी लावून पानं उलटतात,
(मी म्हणते, साहेब, ही वही पंपाजवळ असते,
ते बोट पुसतात)
आणि कोऱ्या पानाशी थांबतात.
"ह्या दिवशी काम नव्हतं?"
"होतं," मी म्हणते.

शिक्क्याची शाई वाळलेली.
ते त्यावर तोंडाची वाफ देतात,
पुन्हा दाबतात.