पर्थहून आलेलं पार्सल

डेरिकचं पार्सल फोडलं,
आतून निघाला लाल कातडी चेंडू,
दोन्ही टोकांना निमुळता.
सोबत चिठ्ठी, मीच शिकवलेल्या देवनागरीत, वेलांट्या उलट्या:
'हा आमच्या इथला फुटबॉल.'

बायको म्हणाली, बामणोदचं वांगं आहे हे,
पऱ्हाटीवर भाजा.

आमच्या इथला.
संध्याकाळभर हेच दोन शब्द चघळत बसलो.
कारण त्याचं 'इथं' म्हणजे मला ठाऊक होतं ते
लोकोशेडमागचं मैदान, इंजिनांची राख,
अनवाणी खेळून घरी जायचो
तेव्हा घोट्यापर्यंत आम्हीही इंजिनं.
गोलाचा एक खांब कडुनिंब,
दुसरा सुपडू झांबरेची सायकल.
तो दूध आणायला निघाला
की गोल अर्धा तास बंद.
शिट्टी डेरिकच्या बापाची, गार्डाची.
ती वाजली की यार्डात एखादा शंटर उगाच दचकायचा.

एकदा रमजान तडवीनं असा टोला हाणला
की चेंडू थेट चालत्या मालगाडीत,
उघड्या वाघिणीत, कोळशावर,
आणि गाडी इटारसीकडे.
रुळाकडेला आम्ही मयताला उभं राहावं तसे.
चौथ्या दिवशी आला परत,
या गार्डाकडून त्या गार्डाकडे, हातोहात,
हवा थोडी कमी,
वर कुणीतरी खडूनं लिहिलेलं:
भुसावल वालों का।

हा शब्दही तसाच गेला असेल
कुठल्याशा वाघिणीत पडून,
आणि जिथं उतरला तिथल्या पोरांनी
आपापल्या परीनं हवा भरली.

सुपडूचा नातू डॅलसहून व्हिडिओवर सांगतो,
'इकडे फुटबॉल छातीशी धरून पळतात, आजोबा,
डोक्याला टोप घालून. तुमच्या खेळाला सॉकर म्हणतात.'
सुपडूला ऐकू कमी.
'साखर? मले बंदी हाये डाक्टरची.'

रमजानची मुलगी डब्लिनला नर्स.
तिकडे म्हणे पायही चालतो, हातही चालतो,
आडव्या दांडीखालून गेला तर तीन गुण,
वरून गेला तरी एक.
रमजान बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
'मंग माह्या इटारसीवाल्याचा
येक गुण लिहा ना भो.'

लिहिला. वीजबिलाच्या पाठीवर, तारखेसकट.

दुसऱ्या दिवशी तिघं गेलो मैदानात.
आता तिथं वाहनतळ, कडुनिंब तेवढा उभा.
वांगं टाकलं खाली;
उजवीकडे जाईल वाटलं, ते डावीकडे,
मग एका रिक्षाखाली.
वाकून काढायला कुणाचेच गुडघे तयार नाहीत.
रिक्षावाल्यानं काढून दिलं, विचारलं,
'काय हाय हे?'
तिघांनी तीन उत्तरं दिली.

घरी आणलं तर कपाटावर ठरेना,
सारखं घरंगळतंय.
शेवटी बायकोनं जुन्या लुगड्याची चुंबळ करून
तिच्यावर बसवलं, घागरीसारखं.
मी खडू शोधतोय.