झोपेचं सोंग

औलू, जानेवारी. दुपारी तीनलाच
खिडकीबाहेरचा दिवस मिटला.
टेबलावर हिरवी पाटी, तिच्यात नखाएवढी चिप,
आणि मीटरवर आकडा, एक्केचाळीस.
हवे होते नऊ.
एक्केचाळीस मायक्रोअँपिअर!
एवढ्यात मुंगीच्या घरीही दिवा लागायचा नाही.
पण हिल्का प्यूक्कोनेन अकरा दिवस
या आकड्याशी अबोला धरून बसली आहे.

यार्को म्हणतो, सोड ना, कोणाला कळणार आहे?
ती कॉफी ओतते. ओतलेली विसरते.

चिपमध्ये राहणारे मोजकेच.
चार दांडगे, ओझं आलं की धावतात
आणि लगेच तापतात.
चार किरकोळ, दिवसभर पडेल ते करणारे,
वेळ सांग, निरोप आला का बघ.
ज्याची पाळी नाही त्याला निजवायचं,
एवढंच हिल्काचं काम.
पगाराच्या कागदावर त्याला भारदस्त नाव आहे.

गेल्या फेब्रुवारीत, हायलुओतोच्या वाटेवर,
गोठलेल्या समुद्राला भोक पाडून
तिचा बाप ताइस्तो बसला होता माशांची वाट बघत.
उणे सव्वीस. मग धुकं.
फोन सदऱ्याच्या आत, छातीशी,
अठरा टक्के दाखवत दाखवत मेला.
चार तासांनी म्हातारा पोचला,
बूट काढता काढता एवढंच म्हणाला,
"तुझं यंत्र माझ्याआधी गारठलं."

थेंबे थेंबे तळं साचतं,
तसंच ते आटतंही. हे कोणी
पाटीवर गिरवून घेत नाही.

पहाटे दोन. यार्को कधीच गेलेला.
ती एकेका खोलीचं दार लावत जाते,
कॅमेरा, आवाज, पडदा,
आकडा हलत नाही.
मग रेडिओची खोली. घड्याळ थांबलेलं,
हालचाल नाही, सगळं निपचित.
हिल्का थबकते.
घड्याळ थांबलंय. वीज थांबलेली नाही.
मिटल्या पापणीआड हा जागाच आहे,
गुपचूप झिरपतोय.

झोपलेल्याला उठवता येतं,
सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात.
त्याला निजवायचं कसं, ते मात्र
म्हण सांगत नाही.
एका ओळीत एक शून्य होतं.
तिथे एक हवा होता.

अकरा.
नऊ नाही, अकरा. ती हसते.
उरलेले दोन कुठे जातात ते उद्या बघू.
आणि त्या नवांतला एक तर कधीच
निजणार नाही, कोपऱ्यातला तो इवलासा मोजणीदार,
एक, दोन, तीन, अंधारात पुटपुटणारा.
सगळ्यांना उठवायला
कोणीतरी जागं लागतंच.

साडेचार. आता बाप थर्मास भरत असेल.
हिल्का त्याचा नंबर काढते,
अंगठा हिरव्या खुणेवर,
आणि लावत नाही.
उणे चोवीस आहे बाहेर.
एका घंटीला किती खर्च होतं
तिला तोंडपाठ आहे.