उसनं

मानवतच्या आमच्या गल्लीत
एकच क्रियापद सगळ्या कामाला: फेडणं.
नवस फेडायचा, पांग फेडायचे,
न्हाणीत लुगडं फेडायचं,
आणि भांडण लागलं की कडाकडा बोटं मोडत
‘कुठं फेडशील गं हे?’

प्रयागबाईनं एकदा नळावर
आईची घागर लाथेनं कलंडवली.
आई काहीच बोलली नाही.
सांजच्याला तिच्याकडूनच वाटीभर पीठ आणलं उसनं,
सकाळी परत केलं, शीग लावून.
पुन्हा आणलं. पुन्हा शीग.
बावीस वर्षं.

‘लै गुणाची गं तुझी माय,’ बाया म्हणायच्या.
मी विचारलं, तर तवा पुसत म्हणली,
‘उसनं फेडायले.’

वाटी घेताना दरवेळी
प्रयागबाईचा उतरलेला चेहरा
मला आत्ता कुठं दिसायला लागलाय.
आईच्या तेराव्याला ती आली,
जवारीच्या पिठानं भरलेली परात
दोन्ही हातांनी उंबऱ्यावर ठेवली.
‘घे. माझ्याकडचं राहिलं होतं.’

शब्दकोशात दोन्ही अर्थ शेजारीशेजारी राहतात,
मधी एक स्वल्पविराम, तोही पुसट.

परात अजून माझ्याकडंच आहे.
रिकामी परत द्यायची नसते.